लॉर्ड बेलोमोंटच्या न्यूयॉर्कमध्ये चोरटा माल उतरतच राहिला, तो का?

प्रश्न एका इतिहासाच्या विद्यार्थ्याचा आहे. १६९८ मध्ये इंग्लंडच्या राजाने लॉर्ड बेलोमोंटला न्यूयॉर्कचा गव्हर्नर करून पाठवलं, ते मुख्यतः चाचेगिरी आणि चोरटा समुद्री व्यापार मोडून काढायला. माणूस लाच खाणारा नव्हता, पाठीशी राजा होता, हातात नवा कडक कायदा होता. तरी तीन वर्षांत तो हरल्यासारखाच मेला. तो चुकला कुठे, आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

मी कस्टम्सच्या प्रिव्हेंटिव्ह, म्हणजे तस्करी रोखण्याच्या कामात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कोकण किनाऱ्यावर. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण बेलोमोंटने लंडनला पाठवलेली लांबलचक पत्रं छापलेली आहेत. निवृत्तीनंतर ती वाचायला घेतली आणि दर दुसऱ्या पानावर मला ओळखीची माणसं भेटू लागली. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बेलोमोंटचा पराभव धक्क्यावर झाला. जहाज गाठेपर्यंत माल उतरलेला असायचा, उतरलेला माल सापडला तर साक्षीदार नसायचा आणि साक्षीदार मिळालाच तर ज्यूरीत त्याच मालाची गिऱ्हाइकं बसलेली असायची. त्याने लंडनकडे लढाऊ जहाजं मागितली, आणि ती हवीच होती. पण खरी तूट जमिनीवरच्या माणसांची होती.

आता 'चोरटा' कशाला म्हणायचे ते पाहू, कारण न्यूयॉर्कमध्ये दोन अगदी वेगळे धंदे या एकाच नावाखाली चालत होते. पहिला साधा. इंग्लंडच्या १६६० च्या कायद्याप्रमाणे वसाहतींचा माल इंग्रजांच्या किंवा वसाहतीतल्याच जहाजांतून जायला हवा, कप्तान आणि तीन चतुर्थांश खलाशी इंग्रज हवेत, आणि साखर, तंबाखू, कापूस, नीळ असा ठरावीक माल इंग्लंडला किंवा दुसऱ्या इंग्रज वसाहतीलाच जायला हवा. १६६३ च्या कायद्याने आणखी एक गाठ मारली. युरोपातला माल वसाहतीत न्यायचा तर आधी इंग्लंडच्या बंदरात लावायचा, तिथली जकात भरायची, मग पुढे न्यायचा. न्यूयॉर्कचं नाव १६६४ पर्यंत न्यू ॲमस्टरडॅम होतं. तिथल्या जुन्या डच घराण्यांचे चुलते आणि व्याही हॉलंडमध्ये पेढ्या चालवत होते. त्यांच्याकडून थेट कापड मागवलं तर तो गुन्हा, हे त्या लोकांना पटणं अवघडच होतं. असल्या व्यापाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. तो कायदा मोडत होता एवढं खरं.

दुसरा धंदा रक्ताचा होता. अमेरिकेच्या बंदरांतून सशस्त्र जहाजं निघायची, आफ्रिकेला वळसा घालून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी दबा धरून बसायची आणि मक्केहून सुरतेला परतणारी यात्रेकरूंची, व्यापाऱ्यांची जहाजं लुटायची. लुटीचं सोनं-चांदी आणि हिंदुस्थानी कापड घेऊन परत यायची. हे चाचे समुद्रावर जगायचे कसे, त्यांना दारूगोळा आणि कपडालत्ता कोण पुरवायचं, हा माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न. त्याचं उत्तर एका माणसाच्या जबानीत आहे.

मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यालगत सेंट मेरी नावाचं बेट आहे. ॲडम बाल्ड्रिज नावाचा इसम १६९१ पासून तिथे ठाणं मांडून बसला होता. १६९९ मध्ये त्याची जबानी झाली. तीत कोणतं जहाज कधी आलं आणि त्यात काय होतं, हे त्याने दुकानदाराच्या वहीसारखं सांगितलं आहे. ऑगस्ट १६९३ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक फिलिप्स या व्यापाऱ्याचं जहाज आलं. त्यात बुटांच्या ४४ जोड्या, सहा डझन मोजे, ठिपक्यांचे सदरे आणि चोळणे तीन डझन, १२ टोप्या, सुताराची थोडी हत्यारं, रमची ५ पिंपं, माडेराची वाइन, करवती, धार लावायचे दगड, तोफेच्या दारूची ३ पिंपं, मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या पाट्या, प्रश्नोत्तरांची धर्मपुस्तकं, दोन बायबलं, बागेत पेरायचं बी आणि तीन डझन कुदळी होत्या. बदल्यात बाल्ड्रिजने स्पॅनिश चांदीची ११०० नाणी, १५ गुरं, लोखंडाच्या ५७ कांबी आणि ३४ गुलाम दिले.

ही यादी मी कितीतरी वेळा वाचली आहे. ३४ माणसं त्याने गुरं आणि लोखंडाच्या ओळीतच मोजली आहेत, तीही दोन बायबलं आणणाऱ्या जहाजाच्या मोबदल्यात. चाचेगिरीच्या कथा सांगणारे ही ओळ सहसा गाळतात. मादागास्करच्या व्यापारात चाच्यांना रसद आणि माणसांची खरेदी एकाच फेरीत व्हायची. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर गुलाम हा कायदेशीर माल होता, त्यामुळे कागदोपत्री जहाज गुलामांसाठीच गेलेलं असायचं. प्रत्येक चोरट्या जहाजाला असा एक उघड माल लागतो. आमच्याकडे तो खजूर असायचा, सुकी मासळी असायची, कधी नुसता कोळसा. तिथे ती जिवंत माणसं होती.

नफा किती होता ते बेलोमोंटने लिहून ठेवलं आहे. न्यूयॉर्कला गॅलनला दोन शिलिंगांना मिळणारी रम मादागास्करला तीन पौंडांपर्यंत जायची. एकोणीस पौंडांचं माडेराचं मोठं पिंप तिथे तीनशे पौंड आणायचं. इतका फरक असेल तर दहापैकी चार जहाजं बुडाली तरी धंदा फायद्यात राहतो. सोन्याच्या तस्करीच्या काळात आम्ही हेच पाहिलं. कॅनव्हासच्या जाकिटाला शिवलेल्या कप्प्यांत दहा तोळ्यांची शंभर बिस्किटं बसायची. अंगावर साडेअकरा किलोंहून जास्त वजन घालून माणूस गुडघाभर पाण्यातून चालत यायचा. चार जाकिटं पकडली की आमच्याकडे पेढे वाटले जायचे आणि त्याच पंधरवड्यात दुसऱ्या खाडीत चाळीस उतरायची.

बेलोमोंटच्या आधीचा गव्हर्नर बेंजामिन फ्लेचर, १६९२ ते १६९८. त्याच्या काळात हे सगळं फोफावलं. 'जेकब' नावाच्या जहाजाचे लोक तांबड्या समुद्रातून लूट घेऊन आले, माणशी पैसे मोजून त्यांनी फ्लेचरकडून संरक्षणाचे कागद घेतले आणि जहाजच त्याला भेट दिलं. ते त्याने ८०० पौंडांना विकलं. टॉमस ट्यू हा नावाजलेला चाचा गव्हर्नरच्या बग्गीतून शहरात हिंडत असे. विचारणा झाली तेव्हा फ्लेचरने सांगितलं की ट्यूच्या गप्पा रंजक असतात आणि त्याची शिव्या देण्याची सवय सुटावी म्हणून आपण त्याला एक पुस्तकही दिलं. ट्यूला त्याने रीतसर सनद दिली होती, फ्रेंचांशी लढण्याची. त्या कागदाच्या आधाराने ट्यू हिंदी महासागरात गेला. म्हणजे कागद खरा, सही-शिक्का खरा आणि त्याच्या आड चाललेलं काम खोटं. अशा कागदापुढे खालचा अधिकारी लुळा पडतो. बनावट कागद असता तर त्याने धरला तरी असता.

फ्लेचर लोभी होता हे खरंच. तरी त्याची खुर्ची कशावर उभी होती तेही पाहायला हवं. गव्हर्नरला इतक्या दूर पाठवायचं, पगार तुटपुंजा द्यायचा, बाकीचं प्रत्येक कागदावरच्या फीमधून आणि स्थानिक विधानसभेच्या मर्जीतून मिळवायला सांगायचं, आणि त्या विधानसभेत बसलेल्या व्यापाऱ्यांवरच कारवाईची अपेक्षा धरायची. पुढे बेलोमोंटलाही विधानसभेकडून १५०० पौंडांची देणगी घ्यावी लागलीच.

लंडनला जाग आली ती सुरतेमुळे. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज सुरतेपासून आठ-नऊ दिवसांच्या अंतरावर गाठलं. इतिहासकार खाफीखान त्यावर ५२ लाखांचं सोनं-चांदी होतं म्हणतो, आणि जहाजावरच्या बायकांवर काय गुदरलं तेही लिहितो. अब्रूसाठी कित्येकींनी समुद्रात उड्या टाकल्या. हा खाफीखान त्या सुमारास राहिरीच्या, म्हणजे रायगडच्या मोगल फौजदाराच्या कामावर होता आणि आपल्या मुंबई बेटावर जाऊन इंग्रज गव्हर्नरशी बोलून आला होता. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना बेड्या पडल्या, कंपनीचा व्यापार महिनोन्महिने ठप्प झाला. न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंडमध्ये लोक लुटीच्या पैशावर घरं बांधत होते आणि दंड सुरतेत बसलेले कारकून भरत होते.

मग १६९६ मध्ये लंडनला व्यापार मंडळ नेमलं गेलं, त्याच वर्षी नवा कायदा झाला. वसाहतीतल्या जकात अधिकाऱ्यांना इंग्लंडमधल्यासारखेच झडतीचे अधिकार मिळाले, प्रत्येक जहाजाची नोंदणी सक्तीची झाली, हयगय करणाऱ्या गव्हर्नरला १,००० पौंड दंड आणि बडतर्फी ठरली. पुढच्या वर्षी ज्यूरी नसलेली सागरी न्यायालयं वसाहतींत बसवायला सुरुवात झाली. ज्यूरीची अडचण किती मोठी होती ते खुद्द लंडनमध्येच दिसलं. ऑक्टोबर १६९६ मध्ये एव्हरीच्या सहा साथीदारांवर 'गंज-ए-सवाई' लुटल्याचा खटला चालला आणि लंडनच्या ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. सरकारने घाईघाईने दुसरा आरोप लावला, इंग्रज जहाज पळवल्याचा. तेव्हा कुठे शिक्षा झाली आणि पाच जण फासावर गेले. राजधानीत ही गत, तर न्यूयॉर्कच्या ज्यूरीकडून काय मिळणार होतं?

बेलोमोंट २ एप्रिल १६९८ ला न्यूयॉर्कला उतरला. महिनाभरातच त्याची पहिली परीक्षा झाली. 'फॉर्च्यून' नावाचं जहाज मादागास्करहून आलं. आत सुमारे वीस हजार पौंडांचा पूर्वेकडचा माल. बेलोमोंटने जकातीच्या कलेक्टरला बोलावून जहाज जप्त करायला सांगितलं. हा कलेक्टर महसुलाचा खजिनदारही होता आणि गव्हर्नरच्या कौन्सिलचा सदस्यही. तो म्हणाला, हे माझं काम नव्हे, लढाऊ जहाजाचं आहे. मग म्हणाला, माझ्याकडे होडी नाही. आणखीही सबबी सांगितल्या. बेलोमोंटने स्पष्ट हुकूम दिला तरी जप्ती व्हायला चार दिवस गेले. तोवर एक शेवटची होडीभर खेप सोडून सगळा माल किनाऱ्यावर पसार झाला होता.

"माझ्याकडे होडी नाही." तुम्ही हसाल कदाचित, पण हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. लाँचचं इंजिन उघडून ठेवलंय, डिझेलचं बिल मंजूर नाही, तांडेल रजेवर आहे. यातलं काही वेळा खरंही असतं, आणि म्हणूनच ती सबब टिकते. वरच्या साहेबाला खरं-खोटं तपासायला चार दिवस लागतात आणि माल उतरायला भरतीच्या एका वेळेपुरते तास पुरतात. बेलोमोंटने त्या कलेक्टरला काढलं आणि ते योग्यच केलं. चूक झाली ती पुढे. नव्या माणसाला त्याने स्वतःची होडी, स्वतःचे वल्हेकरी आणि रोख पैसा दिला नाही. त्याच्याजवळ तो नव्हताच.

माल घरांत गेल्यावरही त्याने पाठलाग सोडला नाही. एका व्यापाऱ्याच्या घरात पूर्वेकडचा माल असल्याची खबर आली. झडतीवाले गेले, माल सापडला. तेवढ्यात व्यापारी जमले आणि झडतीवाल्यांनाच आत कोंडून दार लावून घेतलं. उपगव्हर्नरला शिपाई घेऊन जाऊन दार फोडावं लागलं. १६९८ च्या शिरगणतीत अख्ख्या शहराची वस्ती पाच हजारांच्या आत आहे. त्या गर्दीत ओळखीचा नाही असा एकही चेहरा झडतीवाल्यांना दिसला नसेल.

जप्त मालाच्या तीन वाटण्या व्हायच्या. एक राजाला, एक गव्हर्नरला, एक खबर देऊन दावा लावणाऱ्याला. कागदावर बक्षीस घसघशीत दिसतं. पण खबर देणाऱ्याने उघड कोर्टात उभं राहायचं आणि संध्याकाळी त्याच गल्लीत घरी जायचं. आमच्या पद्धतीत खबऱ्याचं नाव फायलीत कुठेच नसतं. खबर कागदावर उतरते, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, कागद बंद लिफाफ्यात. माल जप्त होऊन बक्षीस मंजूर झालं की ठसा जुळवून पैसे हातात. तो ठसा घेताना बोटं थरथरलेली मी पाहिली आहेत, इतकी गुप्तता असूनही. बेलोमोंटच्या काळात तर ती शक्यताच नव्हती.

बेलोमोंटच्या पत्रांत मला सर्वांत जवळची वाटते ती लाँग आयलंडची हकिकत. त्या बेटाच्या खाड्यांमध्ये सर्रास माल उतरत असे, म्हणून त्याने ऑयस्टर बे भागात जकातीवर एक स्थानिक माणूस नेमला, वर्षाला ३० पौंड पगारावर. तीन महिन्यांत त्या माणसाने सनद परत केली. शेजाऱ्यांनी डोकं फोडण्याची धमकी दिली होती, आणि धमकी देणाऱ्यांत त्याचे जवळचे नातेवाईकही होते.

माझ्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी आमची चौकी होती, तिथे गावातलाच एक तरुण शिपाई होता. कामाला चोख, पाण्याची उत्तम जाण. अमावास्येच्या आगेमागे आम्ही निघायचो तेव्हा तो नेहमी वाटेतच सांगायचा, "साहेब, आज काही मिळायचं नाही." आणि मिळायचं नाही. पोचेपर्यंत वाळूवर बैलगाडीची ओली चाकोरी आणि एखादं फाटकं गोणपाट राहिलेलं असायचं. एकदा मी चिडून त्याला विचारलं, तुला आधीच कसं कळतं? बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "साहेब, मचवा माझ्या मामाचा आहे. मी तुम्हाला सांगितलं तर आई घरात घेणार नाही, आणि त्यांना सांगितलं तर तुम्ही नोकरीत ठेवणार नाही. मी कोणालाच काही सांगत नाही." त्याने पुढच्या महिन्यात बदली मागितली. ती मिळाली नाही, म्हणून नोकरी सोडली. वरिष्ठांनी शेरा लिहिला, 'अविश्वासू'. मला तो शेरा आजही सलतो. त्याच्याकडून आम्ही जे मागत होतो ते माणसाकडून मागण्यासारखं नव्हतं.

समुद्रावर माल बदलण्याची कला मात्र तेव्हाच पूर्ण विकसित झाली होती. फिलिप्सचं मादागास्करहून येणारं एक जहाज बंदराबाहेरच थांबलं. त्याचा मुलगा अडॉल्फ एक लहान गलबत घेऊन समोर गेला आणि पूर्वेकडचा सगळा माल गलबतावर उतरवून घेतला. गलबत डेलावेअरकडे गेलं, मोठं जहाज फक्त गुलाम घेऊन उजळ माथ्याने न्यूयॉर्कला आलं. कलेक्टरने रमेजिंग, म्हणजे जहाजाची कसून झडती, केलं असतं तरी आक्षेपार्ह काही मिळालं नसतं. तो माल पुढे युरोपात हांबुर्गला रवाना झाला. मोठं गलबत बाहेर खोल पाण्यात, लहान मचवे रात्री जाऊन माल आणणार, ही पद्धत मी जशी पाहिली तशीच ही.

आता कॅप्टन किड. त्याच्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आटोपतो. चाचे पकडायला म्हणून राजाच्या सनदेने किडला पाठवलं, आणि त्या मोहिमेत बेलोमोंटने स्वतः भागीदारी घेतली, इंग्लंडच्या बड्या मंत्र्यांबरोबर. किड १६९७ मध्ये कारवारला पाणी भरायला आला, आपल्या किनाऱ्यावर खाली-वर फिरला आणि ३० जानेवारी १६९८ ला कोचीनजवळ आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल नेणारं 'केदाह मर्चंट' त्याने धरलं. १६९९ च्या जुलैत बेलोमोंटने त्याला बोस्टनला अटक केली. सापडलेल्या मालाची यादी झाली तेव्हा ११११ औंस सोनं, २३५३ औंस चांदी, साखरेची ५७ पोती आणि मालाचे ४१ गठ्ठे भरले. बोस्टनमध्ये या मालाला हात लावला गेला त्या वेळी इकडे सुरतेला त्याच्या मालकांचे आणि दलालांचे तळतळाट चालू असणार. किडला मे १७०१ मध्ये लंडनला फाशी झाली. पण न्यूयॉर्कच्या प्रत्येक व्यापाऱ्याला तोवर एक हत्यार मिळालं होतं. ज्या गव्हर्नरने स्वतः एका चाच्यात पैसे गुंतवले तो आम्हाला काय शिकवणार, असं ते म्हणू लागले. बेलोमोंटचा हेतू वाईट नव्हता असं मी मानतो. तरीही अंमलबजावणी करणाऱ्याने जप्तीच्या धंद्यात भागीदार असू नये. ही त्याची सर्वांत मोठी चूक.

दुसरी चूक घाईची. न्यूयॉर्कमध्ये जेकब लाइस्लर नावाच्या व्यापाऱ्याने १६८९ मध्ये केलेल्या बंडापासून दोन तट पडले होते, बंड मोडल्यावर १६९१ मध्ये लाइस्लरला फाशी झाली होती. बेलोमोंटने येताच लाइस्लरच्या लोकांची बाजू घेतली, कौन्सिलमधल्या श्रीमंतांना दूर केलं, आणि फ्लेचरने वाटलेल्या अफाट जमिनींची दानपत्रंही रद्द करायला घेतली. या तिन्ही गोष्टी न्याय्य होत्या. पण एकाच वर्षी व्यापारी, जमीनदार आणि धर्मोपदेशक यांना एकत्र आणण्याचं काम त्याने केलं. त्यांच्या तक्रारी लंडनला जाऊ लागल्या, आणि पत्राचं उत्तर यायलाच सहा-आठ महिने लागत. किल्ल्यातल्या शिपायांचा पगार थकलेला. १७०० मध्ये त्यांनी बंडाळी केली. प्रामाणिक न्यायाधीश आणि सरकारी वकील इंग्लंडहून पाठवा असं तो पत्रामागून पत्र लिहीत होता. ५ मार्च १७०१ ला तो न्यूयॉर्कलाच वारला. न्यायाधीश विल्यम ॲटवुड आला तो त्याच वर्षी, पण त्याच्यानंतर.

मग हे थांबलं की नाही? तांबड्या समुद्राचा धंदा थांबला, चार-पाच वर्षांत. १७०० च्या कायद्याने चाच्यांवर वसाहतीतच, ज्यूरीशिवाय खटला चालवता येऊ लागला. त्याआधी त्यांना पुराव्यासकट लंडनला पाठवावं लागे. १६९८ मध्ये पूर्वेच्या व्यापारावरची बंदी घट्ट झाली, मादागास्करकडे आरमारी जहाजं गेली आणि सोबत शरण येणाऱ्यांना माफीचा जाहीरनामा गेला. बाल्ड्रिजचं ठाणं तर १६९७ मध्येच मोडलं होतं. त्याने आसपासच्या लोकांनाच गुलाम म्हणून विकलं, तेव्हा तिथल्या मलागासी लोकांनी उठाव करून ते उद्ध्वस्त केलं. रसदीचं ठाणं गेलं की समुद्रावरचा चाचा उघडा पडतो. या यशातला सर्वांत निर्णायक घाव त्या बेटावरच्या लोकांनी घातला, आणि त्यांचं नाव कुठल्याच सरकारी पत्रात आदराने येत नाही.

डच मालाचा साधा चोरटा व्यापार मात्र चालूच राहिला, कारण तिथे भावातला फरक कायद्यानेच तयार केला होता. १७३३ मध्ये परदेशी काकवीवर गॅलनला सहा पेनी जकात बसवली, ती कोणी भरलीच नाही. १७६४ मध्ये तीन पेनी केली आणि १७६६ मध्ये एक पेनी, तेव्हा कुठे खजिन्यात पैसा नीट जमू लागला. आपल्याकडे १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, १९९२ पासून परदेशातून येणाऱ्यांना शुल्क भरून ५ किलोंपर्यंत सोनं आणता येऊ लागलं, आणि ज्या खाड्यांत आम्ही रात्री जागून काढल्या तिथे मचव्यातून सोनं येणं जवळपास बंद पडलं. आमच्या शौर्याने ते झालं नव्हतं. पण वाट आणि माणसं तयार राहिली होती. १९९३ च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीला त्याच पद्धतीने आरडीएक्स उतरलं, आणि पुढे न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत कस्टम्सचे अधिकारीही होते. त्या गणवेशात आयुष्य काढलेल्या माणसाला हे लिहिताना हात जड होतो.

शेवटचा भाग, मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं. जमिनींची दानपत्रं दोन वर्षं बाजूला ठेवली असती. डच कापडावाल्यांवर सौम्य दंड लावून त्यांना मादागास्करवाल्यांपासून तोडलं असतं, कारण दोघांना एकाच काठीने मारलं की ते एक होतात. किडच्या भागीदारीतून जाहीरपणे बाहेर पडून मगच न्यूयॉर्कला पाऊल ठेवलं असतं. आणि लंडनला पहिलं पत्र लढाऊ जहाजासाठी न लिहिता ऑयस्टर बेच्या त्या माणसासाठी लिहिलं असतं. ३० ऐवजी १०० पौंड, तोही लंडनच्या खजिन्यातून, विधानसभेच्या मर्जीवर नाही. माणूस त्या बेटाचा नको, व्हर्जिनियाचा किंवा बार्बाडोसचा आणायचा, दर दोन वर्षांनी बदलायचा. एकट्याला ठेवायचं नाही, बरोबर किमान सहा जण. त्यांची स्वतःची होडी, तिचे वल्हेकरी पगारी, आणि डागडुजीचे पैसे त्याच्याच हातात रोख.